कायद्याआधीचे विजेतेपद : इम्माक्युलाटा महाविद्यालयाचा १९७१-७२ चा हंगाम

अमेरिकेत स्त्रियांचे बास्केटबॉल जवळजवळ मूळ खेळाइतकेच जुने आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयातील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो विद्यार्थिनींना शिकवला. मात्र धावपळ आणि धसमुसळेपणा स्त्रियांना मानवणार नाही, या तत्कालीन समजुतीमुळे मैदानाचे तीन भाग करून प्रत्येक खेळाडूला आपापल्या भागात बांधून ठेवणारे वेगळे नियम रूढ झाले. हे बंधन क्रमाक्रमाने सैल होत गेले, तरी पाच खेळाडूंनी संपूर्ण मैदानावर खेळण्याचा नियम अधिकृत व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी महाविद्यालयीन स्त्रियांच्या स्पर्धा भरवण्यासाठी ‘एआयएडब्ल्यू’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या पहिल्याच हंगामाचे विजेतेपद पेनसिल्व्हेनियातील इम्माक्युलाटा या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाने मिळवले.

नन्स चालवत असलेल्या या संस्थेकडे स्वतःची व्यायामशाळाही नव्हती, कारण ती १९६७ मध्ये आगीत भस्मसात झाली होती. मुली लोकरीचे बिनबाह्यांचे अंगरखे घालून खेळत आणि १९७० मध्ये नेमलेल्या तरुण प्रशिक्षिका कॅथी रश यांना वर्षाकाठी अवघे ४५० डॉलर मिळत. तरीही हा संघ योगायोगाने जिंकला, असे मानणे अन्यायाचे ठरेल. फिलाडेल्फिया परिसरातील पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीत, मुलींचे संघ शालेय वयापासून चुरशीने खेळत आणि त्यांच्या कॅथलिक शाळांच्या सामन्यांना आईवडील, शेजारीपाजारी आवर्जून जात. टेरेसा शँकसारखी उंच आणि चपळ खेळाडू याच मुशीतून घडली. रश यांनी अशा मुलींना प्रतिस्पर्ध्यांवर सतत दबाव ठेवणारा, वेगवान खेळ शिकवला. तयार हात आणि त्यांना दिशा देणारी प्रशिक्षिका यांची गाठ पडली, हेच या यशाचे खरे कारण होय.

हंगामात संघाचा पराभव एकदाच झाला, पण तो जिव्हारी लागणारा होता : विभागीय अंतिम सामन्यात शेजारच्याच वेस्ट चेस्टर स्टेट महाविद्यालयाने त्यांना ३२ गुणांनी हरवले. त्यामुळे इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी १९७२ च्या मार्चमध्ये भरलेल्या १६ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत इम्माक्युलाटाला १५ वे मानांकन मिळाले. प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी मुलींनी टूथब्रश विकले. तरीही सगळ्यांच्या तिकिटांपुरते पैसे जमले नाहीत आणि आठच खेळाडू जाऊ शकल्या, त्याही विमानात आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर बसून. अंतिम फेरीत समोर पुन्हा वेस्ट चेस्टरच होते, आणि या वेळी इम्माक्युलाटाने ५२-४८ अशी बाजी मारली. एका खेळाडूच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानातून आलेल्या बादल्या काठ्यांनी बडवत संघाला चेव आणणाऱ्या नन्स आणि पालक ही पुढे या संघाची ओळखच बनली. प्रतिस्पर्ध्यांना तो गोंगाट मुळीच आवडत नसे.

शैक्षणिक संस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा २३ जून १९७२ रोजी, म्हणजे या विजयानंतर तीन महिन्यांनी, मंजूर झाला. हा क्रम विसरता कामा नये, कारण स्त्रियांच्या खेळाची सारी प्रगती कायद्याच्या खात्यावर टाकण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते आणि तीत पॅरिशांनी आणि नन्सनी आधीच करून ठेवलेली मशागत झाकली जाते. इम्माक्युलाटाने १९७३ आणि १९७४ मध्येही विजेतेपद राखले. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाविरुद्धचा त्यांचा सामना पाहायला सुमारे १२,००० प्रेक्षक आले.

मात्र या लोकप्रियतेचे फळ इतरांच्या पदरात पडले. एआयएडब्ल्यूने १९७३ मध्ये क्रीडा शिष्यवृत्त्यांवरील बंदी उठवली आणि कायद्याच्या दट्ट्याने मोठी विद्यापीठेही स्त्रियांच्या संघांवर पैसा खर्च करू लागली, तेव्हा लहान संस्थेला त्यांच्याशी बरोबरी करणे अशक्य झाले. १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने इम्माक्युलाटाला हरवले आणि १९७७ मध्ये रश यांनी पद सोडले. खेळ मात्र त्यांच्या शिष्यांनी पुढे नेला : मॅरिअ‍ॅन स्टॅन्ली यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला, तर विवाहानंतर ग्रेंट्झ झालेल्या टेरेसा शँक यांनी रटगर्स विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९७२ ते १९७४ च्या त्या संघाला नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल सन्मान-दालनात स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, पहिल्या विजयाला ४२ वर्षे लोटल्यावर.