कसरीची बखर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरांतून एक झडतीच सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, कपाटे भिंतीपासून सरकतात, आणि ज्या ट्रंकांकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलेले नसते त्यांची झाकणे उघडतात. अशाच एका झडतीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आमच्या घरचा गालिचा माळ्यावरून खाली आला.

गालिचा येरवड्याच्या तुरुंगात विणलेला. एकोणिसाव्या शतकात तिथले कैदी गालिचे विणीत आणि त्या कामाचा लौकिक दूरवर होता. आजोबांनी तो हौसेने घेतला आणि आजीने जिवापाड जपला. रोजच्या बैठकीला सतरंजी आणि जाजम. गालिचा अंथरायचा तो मुंजी-लग्नाला. पुढे घरातली कार्ये विरळ झाली आणि सुतळीने बांधलेली ती गुंडाळी सहा वर्षे माळ्यावरच पडून राहिली. त्या दिवशी अंगणात सुतळी सोडली, गालिचा उलगडला आणि त्यावरून हात फिरवला, तो तांबडी लोकर केसांच्या पुंजक्यांसारखी हाताबरोबर उठून आली. खाली उरली नुसती सुताची जाळी. आजी रडली नाही. एवढेच म्हणाली, “मी कुणाला त्याच्यावर पाय ठेवू दिला नाही रे!”

गालिच्याला कसर लागली होती. आपल्या भाषेत कसर म्हणजे उणीव आणि कसर म्हणजे लोकरीला लागणारा किडाही. शब्द एक, अर्थ दोन; पण पहिला अर्थ खरा समजायचा तर दुसऱ्याची ओळख करून घ्यावी लागते. माणसाचे आणि या किड्याचे भांडण दोन हजार वर्षांहून जुने आहे. त्याचीच ही छोटीशी बखर.

प्रथम चोराची ओळख. कपाट उघडताच एखादे फिकट सोनेरी फुलपाखरू अंधाऱ्या कोपऱ्याकडे धावते, त्याला आपण चपलेने मारतो आणि चोर मेला म्हणून निश्चिंत होतो. वास्तविक त्या पतंगाला खायला धड तोंडच नसते. लोकर खाते ती त्याची अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी लोकरीच्या धाग्यांत घालते. त्यांतून निघालेली पांढुरकी अळी ऊब आणि खाणे मिळेल तसे महिना-दोन महिन्यांत, नाहीतर दोन वर्षे रेंगाळतसुद्धा, आपले बालपण काढते. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पाखरू हे नव्हे. याला उजेडाचा तिटकारा असतो. लोकर, केस, पिसे, शिंगे ज्या केराटिन नावाच्या द्रव्याची बनलेली असतात ते बहुतेक प्राण्यांना पचत नाही, कारण त्याचे धागे गंधकाच्या दुव्यांनी घट्ट सांधलेले असतात. या अळीच्या पोटात ते दुवे तोडण्याची सोय आहे. सुताला मात्र ती सहसा तोंड लावत नाही. म्हणूनच आमच्या गालिच्याची लोकर गेली आणि उभे-आडवे सूत राहिले. आणि म्हणूनच आपल्या सुती सतरंज्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या.

आता भांडणाची हकीगत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममधल्या केटोने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कपड्यांच्या पेटीसाठी एक कृती दिली आहे : ऑलिव्हचे तेल काढल्यावर खाली राहणारे काळे पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे आणि ते पेटीच्या तळाला, बाहेरच्या अंगाला, पायांना व कोपऱ्यांना चोळावे. आपल्याकडे आजीबाईंनी वेखंडाचे तुकडे, वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांवर भरवसा ठेवला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी शाली युरोपात जात तेव्हा त्यांच्या घड्यांत पाचेची वाळलेली पाने घालीत. गजऱ्यात मरव्याशेजारी जिला जागा मिळते तीच ही पाच! तिचा वास शालीला इतका चिकटला, की त्या वासावरून गिऱ्हाईक अस्सल शाल ओळखू लागले, आणि नकली शाली विणणाऱ्या तिकडच्या कारखानदारांना आपल्या मालाला तोच वास द्यावा लागला, असे सांगतात. या वासांनी पतंग थोडेफार बिचकतात. पण आत शिरलेली अळी त्यांनी मरेलच असा भरवसा नाही.

कसरीकडे शास्त्रज्ञाच्या डोळ्याने पाहिले ते फ्रान्सच्या रेओम्यूरने. उष्णतामापकाच्या मोजणीला ज्याचे नाव मिळाले तोच हा गृहस्थ. 1728 साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लोकर कुरतडणाऱ्या किड्यांवर निबंध मांडला. काही अळ्या लोकरीच्या तुकड्यांचा अंगरखा करून त्यात राहतात. रेओम्यूरने त्यांना रंगीबेरंगी कापडांवरून फिरवले आणि त्यांच्या अंगरख्यावर एकेका रंगाचे पट्टे उमटलेले पाहिले. टर्पेंटाइनची वाफ आणि तंबाखूचा धूर यांनी अळ्या मरतात हेही त्याने प्रयोगाने दाखवले. वासाने हाकलणे वेगळे आणि वाफेने मारणे वेगळे, हा फरक यातून पुढे आला.

मग डांबराची पाळी आली. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांना 1821 साली जॉन किड याने नॅप्थलीन हे नाव दिले. पुढे त्याच्याच गोळ्या ‘डांबराच्या गोळ्या’ म्हणून घरोघरी पोचल्या. गोळी न वितळता हवेत उडून जाते आणि पेटी घट्ट बंद असेल तर तिची वाफ साचून अळी मरते. पेटी फटींची असेल तर वास आपल्याला येतो आणि अळी मजेत राहते. शिवाय ही वाफ माणसालाही निरुपद्रवी नाही. जन्मतःच ज्यांच्या रक्तात एका विकराची उणीव असते अशा बाळांना या गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळे कावीळ होऊन जिवावर बेतल्याची नोंद वैद्यकात आहे. बाळाच्या कपड्यांत ही गोळी कधीच ठेवू नये.

विसाव्या शतकात तर या क्षुद्र किड्याचे नाव एका फार मोठ्या गोष्टीशी जोडले गेले. लोकरीला कसर लागू नये अशी द्रव्ये शोधण्याचे काम स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी गायगी या कंपनीत चालले होते. तिथला रसायनज्ञ पाउल म्युलर 1935 सालापासून स्पर्श होताच कीटक मारील असे द्रव्य धुंडाळीत होता. 1939 साली ते त्याला सापडले. ओटमार झाइडलर याने 1874 मध्येच बनवलेले, पण कुणी उपयोगात न आणलेले हे द्रव्य म्हणजेच डी. डी. टी. म्युलरला 1948 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही वैद्यकाचे! आपल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. 1953 साली हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम निघाली, घराघरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारले गेले, आणि 1965 च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखाच्या घरात आली. त्या फवाऱ्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण डासांत ते विष पचवणाऱ्या जाती निपजल्या, इतर कारणेही जुळली, आणि 1976 मध्ये रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तोवर 1962 साली रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने जगाला दाखवून दिले होते, की हे विष मातीत, पाण्यात, पाखरांच्या अंड्यांत साचत जाते. 1989 साली भारताने शेतीत त्याचा वापर बंद केला. कपाटातली कसर मारायला निघालेला माणूस केवढी प्रदक्षिणा घालून आला पाहा!

आणि परत आला तो कुठे? झाडू आणि उन्हाजवळ. आज मोठमोठी वस्तुसंग्रहालये विषापेक्षा पाहणी, स्वच्छता आणि थंडी यांवर अधिक विसंबतात. गृहिणीलाही हे सहज साधण्यासारखे आहे. गालिचा महिन्यातून एकदा उलटावा. जड कपाटाखालचा भाग आधी पाहावा, कारण अळीला तिथलाच अंधार प्रिय. दोन्ही बाजूंनी झाडून, थोडा वेळ उन्हात घालून काठीने झटकावा. घामाचे आणि अन्नाचे डाग अळीला आवडतात, म्हणून शाल-स्वेटर धुतल्यावाचून ठेवू नयेत. शंका आली तर लहान वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या शीतकपाटात दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर दिवसभराने पिशवी उघडावी. बर्फाशेजारी शाल पाहून पाहुणे हसतील; हसू द्यावेत.

कसर पायाखालच्या गालिच्याला सहसा लागत नाही. ती लागते ती मायेने गुंडाळून, अंधारात ठेवून, विसरलेल्या वस्तूला. आजीच्या त्या एका वाक्यात सगळे निदान होते. पण तिला ते सांगण्याचे धैर्य आमच्यापैकी कुणाला झाले नाही.

त्या गालिच्याचा हात-दीड हात तुकडा धड निघाला होता. तो कापून, कडा शिवून आईने देवघरापुढे आसन केले. त्यावर रोज कुणीतरी बसते. लहान मुले लोळतात, कधी दूध सांडते, मग ते धुतले जाते आणि वाळत पडते. आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. यंदाच्या झडतीतही मी ते आसन उलटून पाहिले. तांबडा रंग थोडा विटला आहे. पण लोकर शाबूत आहे.