बागेतला माळी

योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार ओळखायलाच चुकते. रिकाम्या कबरीपाशी रडत उभी असलेली मग्दालीया मरिया मागे वळते, समोर येशू असतो, आणि तिला वाटतं हा इथला माळी. प्रेत यानंच हलवलं असेल या समजुतीनं ती त्याला विनवते. तो नाव घेऊन हाक मारतो तेव्हा कुठे ओळख पटते. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत हा माळी नाही.

तो आधी हाती लागला ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांच्या. इ.स. 200च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन त्यांची टवाळी नोंदवतो: बघ्यांच्या गर्दीत आपले लेट्यूसचे वाफे तुडवले जाऊ नयेत म्हणून माळ्यानंच प्रेत हलवलं! इतका नेमका तपशील ज्याला सुचला त्याच्या कल्पनेला दाद द्यावीशी वाटते. पुढे ज्यूंच्या ‘तोलदोत येशू’ या कथेतही प्रेत नेणारा माळीच आहे.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी यानं हा आक्षेपच उलटवला. मरिया चुकली आणि चुकलीही नाही, असं त्यानं प्रवचनात सांगितलं. तिच्या मनात सद्गुणांचं बी पेरणारा तो माळीच होता. चित्रकारांनी त्याला माळ्याचा वेशच चढवला. ड्यूररच्या लाकूडठशात आणि रेम्ब्रांटच्या 1638च्या चित्रात येशूच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि हाती फावडं आहे. 1620च्या ईस्टरला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूज आणखी पुढे गेला: पहिली बाग लावणारा हाच, आणि एक दिवस सगळ्या कबरींची बाग करणाराही हाच.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि कबरींची रांगच्या रांग उभी राहिली. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन 1915 साली लूसच्या लढाईत पडला. त्याचा देह किपलिंगच्या हयातीत सापडला नाही. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाचं काम किपलिंग स्वतः करत होता. 1925 साली त्यानं ‘द गार्डनर’ ही कथा लिहिली. अविवाहित हेलननं मायकेलला जगासमोर भाचा म्हणून वाढवलंय. युद्धात तो मारला जातो. त्याची कबर शोधत ती लष्करी दफनभूमीत येते. रोप लावत बसलेला एक माणूस विचारतो, कुणाला शोधताय? ती म्हणते, भाच्याला. तुमचा मुलगा कुठे आहे ते दाखवतो, असं म्हणून तो उठतो. आयुष्यभर झाकलेलं सत्य त्यानं न विचारता उच्चारलेलं असतं. परतताना हेलन त्याला माळीच समजत राहते, आणि कथेतल्या त्या शेवटच्या वाक्याचे शब्द थेट योहानाकडून आलेले आहेत.

मरियेला नावानं हाक आली, हेलनला आली नाही. किपलिंगनं योहानाचा प्रसंग ओळख पटण्याच्या अलीकडेच थांबवला. मुलाची कबर न मिळालेल्या बापाला त्यापुढचं लिहवलं नसावं, असंच मला वाटतं.