तोक गरम आहे, पळा!

सोलमध्ये चांगदोकगुंग राजवाड्याच्या महादरवाज्यासमोरून रस्ता ओलांडून थोडं खाली चालत या. डाव्या-उजव्या कॅफेंच्या मोहात पडू नका. इथे जोंगनो भागात २००२पासून तोक आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं एक संग्रहालय आहे. तोक म्हणजे कोरियातली तांदळाची पक्वान्नं: काही वाफवलेली, काही कुटलेली, काही वळून उकडलेली, काही तव्यावर परतलेली. काचेआड त्यांच्या देखण्या प्रतिकृती मांडल्या आहेत. हात लावता येत नाही, वासही येत नाही. भूक मात्र लागते.

पुढच्या कपाटापाशी थांबा. मातीचं रुंद तोंडाचं एक काळपट भांडं आहे, त्याचं नाव सिरू. तळाला बोटभर रुंदीची भोकं आहेत. फुटलेलं नाही, ती मुद्दाम पाडलेली आहेत. वाका आणि एका भोकातून पलीकडे बघा.

लागला ना चेहऱ्यावर वाफेचा झोत?

आता सरळ उभे राहू नका, वर तुळई आहे. तुम्ही जोसॉन राजवटीच्या काळातल्या बुकचोनमध्ये, एका सरदाराच्या वाड्याच्या स्वयंपाकघरात आला आहात. हीच ती वस्ती, राजवाड्याच्या आसऱ्याला वसलेली. हनयांग शहरात, म्हणजे तेव्हाच्या सोलमध्ये, लोक म्हणतात, दारू प्यावी दक्षिणेकडची आणि तोक खावा उत्तरेकडचा. दक्षिणेला नामसान डोंगराच्या पायथ्याशी कडके पंडित राहतात, उत्तरेला इथे हुद्देदार. तेव्हा पत्ता तर बरोबर लागला. मोबाइल चाचपू नका. तुमच्या अंगावरच्या सुती कपड्यांना खिसाच नाही, कमरेला फक्त एक थैली लटकते आहे.

चांद्र पंचांगाचा दहावा महिना आहे. पीक घरात आलंय आणि पहाट व्हायची आहे. पायाखाली चोपलेली गार माती, कारण स्वयंपाकघर घरापेक्षा दोन पायऱ्या खाली असतं. इथल्या चुलीचा जाळ शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून फिरतो. मालकीणबाई तिकडे ऊबदार जमिनीवर झोपल्या आहेत, आणि त्या उबेची किंमत म्हणून तुमचे डोळे झोंबताहेत. पाइनच्या फाट्यांचा धूर, राळेचा वास, ओल्या तांदळाचा गोडसर दर्प. पाठ थंडीने काकडलेली, तोंड जाळाने भाजलेलं.

"नुसतं उभं राहून पीठ चाळलं जातं होय?" मागून आवाज येतो. या घरातली जुनी स्वयंपाकीण. कमरेत वाकली आहे, पण जिभेत नाही. "घे ती चाळणी!"

रात्रभर भिजवून निथळलेला तांदूळ बाहेर उखळात कुटला जातोय. दोघी जणी समोरासमोर उभ्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. धप्, धप्, धप्. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटेल, म्हणून त्या बोलत नाहीत, नुसता श्वास सोडतात. कुटलेलं ओलसर पीठ तुमच्यापुढे येतं आणि तुम्ही चाळायला लागता. पहिल्या घटकेत मजा वाटते. दुसऱ्या घटकेत खांदे तुमचे राहत नाहीत. भुवयांवर, कानात, नाकात पीठ.

म्हातारी मूठभर पीठ उचलते, दाबते, तळहातावर हलकेच उडवते. गोळा फुटतो. "कोरडं आहे." बोटांनी पाण्याचा शिपका मारते, पुन्हा चोळते, पुन्हा मूठ दाबते. आता गोळा उडतो आणि अखंड परत येतो. वजन नाही, माप नाही, सगळा हिशेब त्या तळहातात आहे.

पलीकडच्या पातेल्यात तांबडं कडधान्य रटरटतंय. दाणे चवळीपेक्षा लहान, याला इथे पात म्हणतात. पहिलं पाणी टाकून दिलेलं, दुसऱ्यात ते मऊ झालेलं. मीठ घालून ते अर्धंमुर्धं ठेचलं जातं, सालंसुद्धा राहू द्यायची. साखर कुठे आहे, असं विचारू नका, हसतील. या लाल रंगाला अमंगळ गोष्टी घाबरतात, एवढं पुरेसं आहे.

सिरूच्या भोकांवर विणलेली चकती बसते, पीठ खाली गळू नये म्हणून. मग थर लागतात: तांबडा, पांढरा, तांबडा, पांढरा. मधेमधे मुळ्याचे तुकडे पेरले जातात, कारण या दिवसांत मुळा गोड लागतो. पांढरा थर हाताने दाबायची तुम्हाला जाम इच्छा होते. फटकन मनगटावर टोला बसतो. दाबलंत तर वाफ वर कशी चढणार?

मग ती गंमत, जी संग्रहालयात काचेमागून कळत नाही. लोखंडी काहिलीवर सिरू ठेवला की दोन्हींच्या कडांमध्ये फट राहते. वाफ तिथूनच पळायची. म्हातारी पिठाचा एक लांब वळकटीसारखा दोर वळते आणि त्या फटीवर गोल फिरवून अंगठ्याने चेपत जाते. प्रत्येक चेपणीचा ठसा उमटतो. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, म्हणून सगळे ठसे एका बाजूला कललेले. आता वाफेला भोकांवाचून वाट नाही.

आणि तुम्हाला वाट बघण्यावाचून काम नाही. आवाज करायचा नाही, झाकण उघडून बघायचं नाही. तोक मधे कच्चा राहिला तर वर्षाचा अपशकुन, आणि ठपका नवख्या माणसावर येणार हे तुम्ही ओळखलंच असेल. उंबऱ्याशी तीन पोरं दबा धरून बसली आहेत. तुम्हाला वाटतं, तोकसाठी. छे! सिरू उतरताच ती झडप घालतात त्या पिठाच्या दोरावर. काहिलीच्या कडेला खरपूस भाजलेला, बाहेरून कडक, आतून चिवट. चव? मीठ आणि धूर. एका पोराने उदार होऊन तुम्हाला नखाएवढा तुकडा दिलाय, तो भराभर तोंडात टाका, नाहीतर त्याचं मन बदलेल.

झाकण उघडतं. उकडीच्या मोदकांचं पातेलं उघडल्यावर जसा सगळ्या घराला तांदळाचा वास लागतो, अगदी तसा, पण इथे त्यात नारळ-गुळाऐवजी शिजलेल्या पातचा मातकट वास आहे. तुमची नजर कोपऱ्यातल्या वाडग्याकडे जाते. त्यात मुळ्याच्या किमचीचं थंड आंबट पाणी आहे, घशात तोक अडकू नये म्हणून. म्हातारी डोळे बारीक करते. "तोक द्यायचं अजून कुणाच्या मनातही नाही, आणि इकडे किमचीचं पाणी पिऊन तयार!" सगळं स्वयंपाकघर खिदळतं.

आधी देवांचं. एक ताट ओसरीवर, घर सांभाळणाऱ्या देवाला. एक मागच्या अंगणात सोयासॉसच्या रांजणांपाशी, जमिनीच्या देवाला. एक इथेच, चुलीच्या देवीपुढे, तिच्या पाण्याच्या वाटीशेजारी. मालकीणबाई तळहात चोळत काहीतरी पुटपुटतात. तुमचं पोट त्याहून मोठ्याने काहीतरी म्हणतं.

आणि मग खरी धावपळ. "तोक गरम आहे, पळा!" तुमच्या हातात ताटली कोंबली जाते. उतरत्या बोळातून पळा, दगडांवर दव आहे, चटका बसला तरी ताटली सोडू नका. कौलारू वाडा, मग गवताची छपरं, कुत्रा अंगावर येतो, एक म्हातारा दारातूनच हात पुढे करतो. कुणाला किती ते मोजत बसू नका. प्रत्येक दाराला एक जाड तुकडा. ताटली मोकळी परत पाठवणं इथे शोभत नाही. पहिल्या घरातून दोन तांबूस पर्सिमन मिळतात, दुसऱ्यातून मूठभर चेस्टनट. तिसऱ्या घरी देण्यासारखं काही नाही, तिथली बाई तुमची ताटली लख्ख धुऊन देते आणि चार घरच्या बातम्या सांगते.

डोळे मिटा, वर्षअखेरीकडे जाऊ.

आता अंगणात जाड लाकडी पाट आहे आणि त्यावर वाफाळता चिकट भात. दोन गडी लाकडी मोगरे घेऊन आलटूनपालटून घाव घालतात. दोन घावांच्या मधल्या क्षणात एक बाई ओला हात घालून गोळा उलटते. तुम्हाला ते बघवत नाही. ती मात्र शेजारणीशी गप्पा मारतेय. पाहता पाहता भाताचं शीत दिसेनासं होतं, गोळा चकाकायला लागतो. तुकडे करून भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवले की झाली इंजोलमी. हसत तोंडात टाकलीत तर पिठाने ठसका लागेल. लागला ना?

चारी बाजूंच्या अंगणांतून तेच धपाधप आवाज येताहेत. घाम पुसत एक गडी जुनी गोष्ट सांगतो. सिल्ला राज्यात बेकग्योल नावाचा वादक होता, इतका गरीब की अंगरख्याला जागोजागी ठिगळं. वर्षअखेरीला शेजारी कांडण सुरू झालं तेव्हा बायको हळहळली, आपल्याकडे कुटायला दाणा नाही. त्याने आपलं तंतुवाद्य घेतलं आणि कांडणाचाच आवाज काढून तिला ऐकवला. "छान," मोगरा उचलत दुसरा गडी म्हणतो, "पण त्या रात्री तिनं खाल्लं काय?" यावर कुणाकडे उत्तर नाही. सगळ्यात लहान मुलगी तेवढी एक तुकडा उचलते आणि बोळाच्या टोकाच्या, आवाज न येणाऱ्या घराकडे धावत सुटते.

ती धावतेय त्याला कारण आहे. वाफेतून उतरलेला तोक मऊ असतो, पण तांदळातला स्टार्च गार होताना घट्ट होत जातो. थंडीच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत तुकडा ताठरतो, दुसऱ्या दिवशी दात लागत नाहीत. एका घराला सिरूभर तोक एकट्याने संपवता येत नाही आणि मऊ ठेवताही येत नाही. म्हणून वाटायचा, तोही आजच. तुम्ही मघाशी त्या बोळातून का पळत होतात, ते आता कळलं असेल. संग्रहालयात सिरू, मोगरे, पाट, नक्षीचे लाकडी ठसे सगळं जपता आलं. तोकची मात्र प्रतिकृतीच ठेवावी लागली.

चला, भोकातून डोळा काढा. कंबर सरळ करा. इथून पायी जाण्याच्या अंतरावर नाकवोन-दोंगमध्ये तोकची जुनी दुकानं आहेत. जोसॉन राजवट संपल्यावर राजवाड्यातल्या स्वयंपाकिणींचा हात या भागात उतरला, असं तिथे सांगतात. आत जा, इंजोलमी मागा, आजचीच आहे ना ते विचारा. आणि डबे दोन घ्या. हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळीला जो कुणी असेल, त्याला एक द्यायचाय. तो तुम्हाला काय परत देतो, ते बघाच.