लक्ष्मीची पावलं की पांढरे पाय?

'माहेरची साडी' म्हटलं की आपल्या पिढीला आधी मीम्स आठवतात. रडणारी अलका कुबल, छळणारी सासू उषा नाडकर्णी. पण विजय कोंडकेंचा १९९१ चा हा सिनेमा आपल्या आई-आजींनी अक्षरशः डोक्यावर घेतला होता. का? तेच आज बघूया.

गोष्ट सुरू होते एका मृत्यूने. बाळंतपणात आई जाते, मुलगी वाचते. आणि बाप, म्हणजे विक्रम गोखले, त्या तान्ह्या पोरीलाच अपशकुनी ठरवतो. पोरीचं नाव काय, तर लक्ष्मी!

आपल्याकडे हा पायगुणाचा हिशोब जुनाच. सून आल्यावर भरभराट झाली, तर ती लक्ष्मीच्या पावलांनी आली. कुणी दगावलं, तर तीच पांढऱ्या पायाची. पाय तेच, निकाल मात्र घरचे लावणार. आणि लग्नानंतर सासरा वारला म्हणून जावयाचे पाय कुणी बघतं का हो?

आता आकडे ऐका. १९९७-९८ मध्ये भारतात दर १ लाख जिवंत जन्मांमागे जवळपास ४०० आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात तर ३३ वर. मधल्या काळात पोरींचे पाय बदलले का? नाही. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. रक्तस्राव थांबवणारं औषध, वेळेवर रक्त आणि डॉक्टर जास्त जणींपर्यंत पोचले. म्हणजे दोष होता सोय नसण्याचा, आणि तो चिकटवला जात होता पाळण्यातल्या पोरीला.

हे ढोंग ओळखणारी बाई आपल्याकडे फार आधी होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली पुण्यात छापलेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात त्यांनी सरळ विचारलं, की नवरा मेला तर बायकोने तोंड लपवायचं, मग बायको मेल्यावर नवऱ्याने का नाही लपवायचं? सिनेमाच्या तब्बल १०९ वर्षं आधी!

सिनेमातली लक्ष्मी मात्र सोसत राहते. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच आहे. पण थिएटरात बसलेल्या बायकांचंही ऐका. पोरीचा काही गुन्हा नाही, हे पडद्यावर लख्ख दिसत होतं. घरात जे कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं, ते समोर घडताना बघून त्या रडल्या. ते रडू नुसतं लक्ष्मीसाठी नव्हतं.

सोसायलाही ताकद लागते, मान्य. पण नुसत्या सोसण्याने अंधश्रद्धेच्या केसालाही धक्का लागत नाही. तिला अडचण होते ती प्रश्नाची. तेव्हा पुढच्या लग्नात कुणी नव्या नवरीचा पायगुण काढला, तर हसत हसत एवढंच विचारा, "आणि नवरदेवाचा?"

भेटूया पुढच्या भागात!