खोटं बोलले, पण कशाबद्दल?

‘नेते खोटं बोलतात, तर कायदा काय करतो?’ हा विषय घेऊन संशोधनाला बसलात तर तो हाताबाहेर जाईल. आधी विचारा: कशाबद्दलचं खोटं?

इंग्लंडमधलं एक प्रकरण बघा. मे २०१० मध्ये ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थमधून मजूर पक्षाचे फिल वूलस अवघ्या १०३ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी एल्विन वॉटकिन्स अतिरेक्यांना गोंजारतात, असं त्यांच्या प्रचारपत्रकांत छापलं होतं. वॉटकिन्स निवडणूक न्यायालयात गेले. नोव्हेंबरात वूलस यांची निवड रद्द झाली, वर तीन वर्षांची अपात्रता. १९११ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

खरी गंमत पुढे आहे. वूलस उच्च न्यायालयात गेले, तेव्हा तीनपैकी एक ठपका पुसला गेला, कारण ते विधान राजकीय भूमिकेबद्दलचं ठरलं. उरलेले दोन व्यक्तिगत चारित्र्याबद्दलचे होते, तेवढ्यावर खासदारकी गेली.

आपला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ काढा. कलम १२३(४) मध्येही हीच रेघ आहे: उमेदवाराचं वैयक्तिक चारित्र्य किंवा वर्तन. शिवाय, विधान खरं आहे असं बोलणाऱ्याला स्वतःलाही वाटत नव्हतं, हे दाखवावं लागतं. (मोजणार कसं? विज्ञानाच्या माणसाला हे छळतं.) जाहीरनाम्यातली थाप या कलमात बसतच नाही. आणि निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस. खोटं त्यानंतर उघड झालं तर हे दार बंद.