विमा खाटेचा, गरज अंगणातली

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'बीम' आहे, आणि बीम म्हणजे भीती. एकट्याची भीती सगळ्यांनी वाटून घ्यायची, एवढीच मूळ कल्पना. पण अपंग लेकराच्या आईबापाची भीती या शब्दात मावायला फार वर्षे लागली.

कामगार राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. ती कारखान्यातल्या कामगारासाठी. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणाऱ्या बाईला कुठले आले हजेरीकार्ड! पुढे 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणली. तिचा सारा भर दवाखान्यात दाखल होण्यावर. आता सेरेब्रल पाल्सी झालेल्या पोराचे पाहा. त्याची लढाई खाटेवर थोडीच असते? ती अंगणात, न्हाणीघरात, शाळेच्या पायरीवर असते. कॅलिपर, खास बूट, डायपर हा खर्च घरातला आणि कायमचा. विम्याच्या कागदांना मात्र न मिळणाऱ्या वस्तूंची यादी जोडलेली असते, आणि डायपर, गुडघ्याचे पट्टे, चालण्याची साधने नेमकी तिथे सापडतात.

त्यामुळे साधने आली ती विम्याच्या नव्हे, शिबिरांच्या वाटेने. कृत्रिम अवयव बनवणारे सरकारी महामंडळ 1972 मध्ये स्थापन झाले, तेही कानपुरातच. 1981 मध्ये केंद्राची 'एडिप' योजना आली आणि गरिबाला कुबड्या, तीनचाकी, श्रवणयंत्र मिळू लागले. हे काम मोठेच आहे. एकदा साधन घेतले की त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही, असा तिचा नियम. मात्र बारा वर्षांखालील मुलांना ही अट एकाच वर्षाची. ही ओळ लिहिणाऱ्याने वाढते पाऊल नक्की पाहिले असणार. पण शिबिराची तारीख आईच्या हाती नसते. उमरखेडच्या पलीकडच्या खेड्यात कॅलिपरचा पट्टा तुटला, तर तो सांधायला यवतमाळ गाठायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडालीच.

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून 2008 साली 'निरामय' योजना निघाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. आधी वैद्यकीय तपासणी नाही. मुख्य म्हणजे बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात आली. जे अपंगत्व पाहून कंपन्या दार लावत, त्याच अपंगत्वासाठी हे दार उघडले. साधनांचा खर्च मात्र बाहेरच राहिला.

राज्याची जीवनदायी योजना 2013 च्या नोव्हेंबरात सर्व जिल्ह्यांत पोचली. तीच आजची महात्मा फुले योजना. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तिने घेतले, त्यात यवतमाळ आहे. तिथेही ठरावीक उपचारांची यादीच. ऑपरेशन होते, नंतरचे बूट बापानेच आणायचे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. 2023 मध्ये विमा नियामकाने दिव्यांगांसाठी पॉलिसी देणे कंपन्यांना बंधनकारक केले. पुढची मागणी त्या पॉलिसीत साधनांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा रकाना यावा, ही आहे. तोवर ज्यांच्या घरी 'निरामय'चे कार्ड आहे त्यांनी ते एकदा काढून पाहावे. त्याचे वर्ष 31 मार्चला संपते.