चार अणूंची चौकट

युद्धाचा शेवटचा हिवाळा. १९४५ साल नुकतंच लागलंय. ऑक्सफर्डमध्ये पार्क्स रोडवरच्या विद्यापीठ संग्रहालयाचा जड दरवाजा ढकलून तुम्ही आत शिरता. वर काचेचं छत, त्याला पेलणारे लोखंडी खांब आणि खांबांच्या मधोमध जुन्या प्राण्यांचे सांगाडे. एका कपाटात डोडोचे अवशेष आहेत. डार्विनच्या सिद्धान्तावरून हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांची १८६० साली जुंपली ती याच इमारतीत. पण इथे रेंगाळू नका. तुम्हाला पाहायचा आहे तो सांगाडा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास भरतो, आणि तो या दालनात नाही.

कोपऱ्यातून खाली उतरा. अर्धवट तळघरासारखी खोली, भिंतीत उंचावर एकच कमानदार खिडकी. एका बाजूला क्ष-किरणांचं यंत्र आणि त्याला वीज पुरवणाऱ्या जाडजूड तारा. सूक्ष्मदर्शक मात्र वरच्या लाकडी सज्जात, खिडकीच्या उजेडाला ठेवलेला. तिथे जायला शिडीसारखा उभा जिना आहे. जिन्यावरून एक बाई खाली येताहेत. त्यांच्या एका हातात काचेचा केसाएवढा बारीक धागा आहे आणि धाग्याच्या टोकावर, निरखून पाहिलं तरच दिसेल असा, एक स्फटिक चिकटवलेला आहे. तो पडला, तर हातात काही उरणार नाही.

या डोरोथी हॉजकिन. वय चौतीस, घरी दोन लहान मुलं. शोधनिबंधांवर अजून माहेरचं आडनाव, क्रोफुट, छापलं जातं. त्यांच्या हातांकडे पाहा. बोटांचे सांधे सुजलेले आणि वाकलेले आहेत. चोविसाव्या वर्षी जडलेला संधिवात पुढे कधीच सुटला नाही. यंत्राचा मुख्य खटका त्या बोटांना ओढवेना, म्हणून त्याला एक लांब दांडा बसवून घेतलाय. अशा हातांनी त्या मिठाच्या कणाहून लहान स्फटिक उचलतात, फिरवतात, नेमक्या कोनात बसवतात. क्ष-किरणांनी रेणू पाहण्याचं काम बुद्धीचं आहे असं आपण मानतो. या खोलीत उभं राहिलं की ते हातांचंही किती आहे हे समजतं.

स्फटिक पेनिसिलिनचा आहे. गेल्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याबरोबर हे औषध होतं. त्याने जखमी सैनिक वाचताहेत, पण ते नेमकं काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात गंधक आहे हे कळायलासुद्धा १९४३ उजाडलं. इंग्लंडात बनणारं पेनिसिलिन स्फटिकरूप घेईना. अमेरिकेतल्या पेनिसिलिनच्या रेणूची एक बाजू जरा निराळी होती. स्क्विब कंपनीत त्याचे स्फटिक मिळाले आणि त्यातले काही मिलिग्रॅम अटलांटिक ओलांडून इथे आले.

आता अणू मोजून झालेत: कार्बन सोळा, हायड्रोजन अठरा, नायट्रोजन दोन, ऑक्सिजन चार, गंधक एक. भांडण आहे ते त्यांच्या जोडणीचं. अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम म्हणतात, मध्यभागी चार अणूंची एक चौकट असणार: तीन कार्बन, एक नायट्रोजन. रॉबर्ट रॉबिन्सन यांना ते मुळीच पटत नाही. रॉबिन्सन म्हणजे सेंद्रिय रसायनातला त्या काळचा सर्वांत मोठा अधिकार. त्यांच्या मते तिथे दोन पाच-पाच अणूंची कडी आहेत, एका बंधाने जोडलेली. परीक्षानळीतला पुरावा दोन्ही बाजूंनी लावता येतो, कारण रेणूला जरा डिवचलं की तो आपली रचनाच बदलून टाकतो. म्हणजे त्याला न डिवचता पाहायला हवं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली का ठेवत नाहीत? याचं उत्तर मागे आहे, म्हणून तेहेतीस वर्षं मागे या. १९१२, म्युनिक. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची लाट चार ते सात हजार अँगस्ट्रॉम (अणूंच्या जगातलं लांबीचं माप) लांबीची असते. हिऱ्यातल्या दोन शेजारी कार्बन अणूंमधलं अंतर १.५४ अँगस्ट्रॉम. एवढी लांब लाट अणूंमधलं अंतर टिपूच शकत नाही, भिंग कितीही उत्तम असलं तरी. माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग मोरचुदाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडताहेत. मागे फोटोची काच ठेवलीय. ती धुतल्यावर तिच्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. स्फटिकात अणू रांगांनी मांडलेले असतात. त्यांच्यावरून परतलेल्या लाटा काही दिशांना एकमेकींना बळ देतात, बाकी दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. तांब्याच्या लक्ष्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची लांबीही १.५४ अँगस्ट्रॉमच्या घरात आहे. निसर्गाने हे माप जणू आपल्यासाठीच जुळवून ठेवलं, असं मला नेहमी वाटतं.

परतताना केंब्रिजमध्ये थोडं थांबा. साल १९३४. जॉन डेस्मंड बर्नाल पेप्सिन या प्रथिनाचा स्फटिक न्याहाळताहेत. तो हवेत सुकला की क्ष-किरणांना काहीच उत्तर देत नाही. बर्नाल स्फटिकाला ज्या द्रवात तो वाढला त्याच द्रवासकट काचेच्या बारीक नळीत बंद करतात आणि फिल्मवर ठिपकेच ठिपके येतात. प्रथिनांनाही नेमकी, मोजता येण्याजोगी रचना असते याचा हा पहिला पुरावा. बर्नाल यांची तरुण सहकारी डोरोथी त्या दिवशी तिथे नाही. दुखऱ्या हातांसाठी ती लंडनला डॉक्टरकडे गेलीय. पुढचं काम दोघं मिळून करतात आणि शोधनिबंधावर दोघांचीही नावं लागतात.

पुन्हा तळघरात या. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली जातेय, रसायनांचा उग्र वास नाकात जातोय. ओली फिल्म दिव्यासमोर धरली की काळे ठिपके दिसतात, काही गडद, काही जेमतेम. रेणूचं चित्र कुठेच नाही. नवख्या माणसाची इथे निराशा होते. भिंग विखुरलेल्या लाटा पुन्हा एकत्र आणतं आणि चित्र उभं करतं. क्ष-किरणांसाठी असं भिंग त्या काळी नाही. भिंगाचं काम माणसाला आकडेमोडीने करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी निम्मी माहिती फिल्मवर नसतेच. ठिपक्याचा काळेपणा सांगतो लाट किती जोरदार होती. ती बाकीच्या लाटांच्या किती पुढे किंवा मागे होती हे फिल्म सांगत नाही. ते हरवलेलं असतं.

हरवलेलं शोधायची एक युक्ती डोरोथी आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो वापरताहेत. पेनिसिलिनचे दोन क्षार घ्यायचे, एकात पोटॅशियम, दुसऱ्यात रुबिडियम. दोन्ही स्फटिकांत रेणूंची मांडणी सारखीच आहे. फरक एवढाच की रुबिडियमचा अणू जड आहे, त्यामुळे तो किरणांना जास्त जोराने विखुरतो. दोन्ही फिल्म शेजारी ठेवून कोणता ठिपका किती बदलला ते पाहायचं. त्यावरून जड अणूची जागा ठरते आणि त्या जागेवरून बाकीच्या लाटांच्या पुढेमागेपणाचा अंदाज बांधता येतो. नॉर्थविचला चार्ल्स बन आणि त्यांचे सहकारी सोडियमच्या क्षारावर स्वतंत्रपणे काम करताहेत. त्या स्फटिकातली मांडणी वेगळी, म्हणून तिथून येणारा पुरावाही वेगळा.

टेबलावरच्या लाकडी पेट्या उघडून पाहा. आत पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या उभ्या लावून ठेवल्यात, प्रत्येकीवर आकड्यांची ओळ छापलेली. या बीव्हर्स आणि लिप्सन यांच्या पट्ट्या. एकेका ठिपक्यासाठी योग्य पट्टी काढायची, एकीखाली एक मांडायची, उभ्या रकान्यांची बेरीज करायची, पट्ट्या पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. एका बेरजेने चित्रातला एक बिंदू मिळतो. एवढ्यावर भागेना तेव्हा सायरेन्सेस्टर गावातल्या पंचकार्ड यंत्रांची मदत घेतली गेली. त्यांचं युद्धातलं नेहमीचं काम म्हणजे जहाजांवरच्या मालाचा हिशेब. जैविक रेणूची रचना सोडवण्यासाठी हिशेबाची यंत्रं जुंपली जाण्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांपैकी हा एक.

बेरजा झाल्या की नकाशा काढायचा. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा नकाशा लगेच कळेल. समान उंचीच्या रेषा जिथे दाटीवाटीने गोल फिरतात तिथे शिखर असतं. इथे उंचीच्या जागी इलेक्ट्रॉनची दाटी आहे, म्हणून प्रत्येक शिखर म्हणजे एक अणू. स्फटिकाच्या एकेका पातळीचा नकाशा पारदर्शक पर्स्पेक्सच्या तावावर काढायचा आणि ताव अंतर राखून एकावर एक रचायचे. वाका आणि वरून पाहा. ते पेनिसिलिनच्या रेणूतलं सर्वांत उंच शिखर गंधकाचं. त्याच्या कडेने पाच अणूंचं कडं फिरतं. आणि त्याला एक बाजू चिकटवून, स्पष्ट, चार शिखरांची चौकट.

नकाशाला रॉबिन्सन यांचा मान ठाऊक नव्हता, चेन यांचा आग्रहही नव्हता. तो फक्त फिल्मवरच्या काळेपणाला बांधील होता. रॉबिन्सन सहजी मानले नाहीत, आणि त्यात नवल नाही. बहुतेक रसायनशास्त्रज्ञांची तेव्हा अणू ओळखायची सवय परीक्षानळीतून होती, नकाशातून नव्हती. डोरोथींनी वाद घातला नाही. तारा आणि गोळ्यांची प्रतिकृती बनवली आणि टेबलावर ठेवली. युरोपातलं युद्ध संपता संपता, १९४५ च्या मे महिन्याच्या सुमारास, प्रश्न सुटला. युद्धकाळच्या गोपनीयतेमुळे सविस्तर छापून यायला मात्र १९४९ उजाडलं.

चार अणूंच्या चौकटीचं एवढं काय, असं वाटत असेल तर तिचे कोन मोजा. तिथल्या अणूंना एकशे नऊ ते एकशे वीस अंशांच्या आसपास मोकळं बसायला आवडतं. चौकटीत त्यांना नव्वदपर्यंत दाबून बसवलंय. हा ताण म्हणजेच औषध. जिवाणूची भिंत विणणारं विकर पेनिसिलिनला चुकून आपला कच्चा माल समजून पकडतं, चौकट तुटून उघडते आणि त्या विकराला कायमची चिकटून बसते. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो. जिवाणूंकडे याला तोडही आहे: ही चौकट आधीच तोडून ठेवणारं दुसरं विकर. ते चेन आणि अब्राहम यांना १९४० सालीच सापडलं होतं, चौकट आहे की नाही याचा निकाल लागायच्या कितीतरी आधी.

आता पुढे चला. १९५५, पुण्याजवळचं पिंपरी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू होतंय. इथेही ते बुरशीच बनवते. रचना कळली म्हणजे कारखान्यात रसायनांपासून झटपट बनवता येईल ही युद्धातली आशा फोल ठरली. प्रयोगशाळेत पूर्ण संश्लेषण जमलं ते १९५७ साली, अमेरिकेत जॉन शीहान यांना. पण चौकट तशीच ठेवून बाजूचा तुकडा बदलायचा, ही वाट नकाशानेच दाखवली. ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन ही त्याच वाटेवरची औषधं, आणि आज आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही ती मिळतात.

तिथून २००९, झ्युरिकजवळ, आयबीएमची प्रयोगशाळा. लिओ ग्रोस आणि त्यांचे सहकारी पेंटासीन या रेणूवरून एक सुई फिरवताहेत, निर्वातात, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पाच अंश वर. सुईच्या टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसवलाय आणि सुई खालच्या अणूंचं अतिसूक्ष्म ढकलणं मोजतेय. पडद्यावर पाच षट्कोन शेजारी शेजारी उमटतात, शाळेच्या फळ्यावर काढतो तसेच. स्फटिक नाही, बेरजांच्या पेट्या नाहीत, एकट्या रेणूचे बंध समोर. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. तरीही लक्षात घ्या, पेंटासीन सपाट आहे. पेनिसिलिनची दोन कडी सांध्यापाशी वाकलेली आहेत. अशा उंचसखल रेणूचा वरचाच भाग सुईला नीट जाणवतो, खालचा झाकलेला राहतो. त्याच्यासाठी अजूनही स्फटिक वाढवतात आणि त्यावर क्ष-किरण सोडतात.

एक थांबा राहिला. १९६९, पुन्हा ऑक्सफर्ड. डोरोथींना नोबेल मिळून पाच वर्षं झालीत. ज्या इन्शुलिनची पहिली फिल्म त्यांनी १९३५ साली धुतली आणि त्या रात्री आनंदाने गावभर भटकल्या, त्याच इन्शुलिनचा नकाशा आता २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झालाय. एकावन्न अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या कशी घडी घालतात ते दिसतंय. सहा रेणू दोन जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन बसलेत. निबंधावरच्या नावांत केरळहून आलेले एम. विजयन आहेत. ते पुढे बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या रचनेचं काम उभं करतील. २.८ अँगस्ट्रॉमला साखळ्यांचा मार्ग कळतो, पण एकेक अणू सुटा दिसत नाही, पाण्याचे रेणू नीट बसवता येत नाहीत. म्हणून काम थांबत नाही. त्याच स्फटिकाचा दीड अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील छापून येतो १९८८ साली. लेखकांच्या यादीत विजयन आहेत आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोरोथी हॉजकिनही.